आपला जांभा दगड : देवळाच्या भिंतीपासून घराच्या दर्शनी भिंतीपर्यंत

मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आपणही चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. देवस्थानाची माहिती, उत्सवांच्या आठवणी, देणगीदारांचे ऋणनिर्देश हे सारे इतर मंडळी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहितील. म्हणून मी एक निराळाच विषय घेतला आहे. ज्या दगडावर आपले देऊळ पिढ्यान् पिढ्या उभे आहे, त्या जांभ्या दगडाविषयी मी लिहिणार आहे.

त्याला कारणही तसेच घडले. जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले तेव्हा ग्रामस्थांची व मुंबईकर मंडळींची जी सभा झाली, तिच्यात तीन मते पडली होती. एक मत असे की, देवळाच्या जुन्या भिंतींना बाहेरून राजस्थानी गुलाबी दगडाच्या लाद्या लावून देऊळ शोभिवंत करावे. दुसरे मत असे की, जुना गिलावा खरवडून काढावा आणि आतला तांबडा जांभा उघडा ठेवावा, म्हणजे देऊळ पुरातन दिसेल. आणि तिसरे मत, जे बहुतेक वयोवृद्ध मंडळींचे होते, ते असे की, होते तसा चुन्याचा गिलावा पुन्हा करावा. वाद बराच झाला. कोणी कोणाचा शत्रू नव्हता, प्रत्येकाच्या मनात देवळाचे बरेच होते. पण भिंतीवर काय असावे आणि का असावे, याचा मागचा इतिहास आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे, हे त्या दिवशी मला जाणवले. तो इतिहास थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

जांभा म्हणजे काय?

आपल्या पायाखालचा मूळ दगड म्हणजे काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, तो थरावर थर निवून त्याचा हा दगड झाला. पुढे लाखो वर्षे ऊन आणि पाऊस यांचा मारा त्यावर झाला. पावसाच्या पाण्याने दगडातील वाळूचा अंश, चुना व क्षार विरघळून वाहून गेले, आणि मागे उरले ते लोखंडाचे व ॲल्युमिनियमचे गंजरूप अंश. तोच आपला तांबडा, भोकाभोकांचा जांभा. त्याचा तांबडा रंग म्हणजे लोखंडाच्या गंजाचा रंग होय.

या दगडाचा एक गुण असा की, जमिनीत असतो तोवर तो ओला व मऊ असतो आणि हत्याराने सहज कापता येतो. वर काढून वाऱ्या-उन्हात ठेवला की तो हळूहळू कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाचा एक इंग्रज अंमलदार मलबारातून फिरत असता अंगाडीपुरम् येथे त्याने हा दगड विटेसारखा कापून बांधकामाला वापरताना पाहिला. १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट असे नाव दिले, आणि तेच नाव पुढे जगभर रूढ झाले. त्या ठिकाणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ साली स्मारकशिला बसविली. साहेबाने नाव दिले ते १८०७ मध्ये. आपले लोक मात्र त्यापूर्वी कित्येक शतके जांभ्याचे चिरे काढून घरे बांधीत होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

गुहागर परिसरातील जांभा

आपल्या गावांची रचना पाहा. खाली समुद्र व पुळण, मग नारळी-पोफळीच्या बागा, त्यांत घरे आणि देवळे, आणि वर उघडा सडा. सडा म्हणजे जांभ्याचे पठारच. गाव खाली वसले, पण गावाच्या भिंती वरून खाली उतरल्या. घराचे जोते जांभ्याचे, भिंती जांभ्याच्या, विहिरीचे बांधकाम जांभ्याचे, आवाराचा गडगा जांभ्याचा, वाडीतून सड्यावर चढणारी पाखाडी जांभ्याची, तुळशीवृंदावन जांभ्याचे, देवळापुढची दीपमाळ जांभ्याची. माणूस जन्मतो त्या बाळंतिणीच्या खोलीपासून तो शेवटच्या ठिकाणी जातो त्या वाटेपर्यंत हा दगड आपल्या सोबत आहे.

वाशिष्ठीच्या मुखावरील अंजनवेलचा गोपाळगड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १७४५ साली तुळाजी आंग्रे यांनी तो घेतला आणि त्याला गोपाळगड हे नाव दिले. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. त्याची तटबंदी व बुरूज याच जांभ्याचे आहेत. समुद्राचा खारा वारा आणि दर साली अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेत ती उभी आहे. जांभा कच्चा दगड आहे असे म्हणणाऱ्यांनी हे बुरूज एकदा जाऊन पाहावेत. मात्र त्या भिंतीची रुंदीही पाहावी. तेथील भिंत टिकली ती जाडीवर.

जुन्या काळी चिरा काढणे हे कष्टाचे काम होते. खाणीत वरचा टणक, ओबडधोबड थर फोडून बाजूला करावयाचा, सारखा थर लागला की त्यावर आखणी करावयाची, टिकावाने चोहोबाजूंनी चर मारावयाचा आणि खालून पहार घालून चिरा उचलावयाचा. मग तो तासून त्याच्या बाजू गुण्यात आणावयाच्या. जाणते गवंडी नवा चिरा लगेच भिंतीत घालीत नसत, तो काही काळ उघड्यावर सुकू देत. खाणीतील सगळेच चिरे सारखे नसतात. ज्याच्या पोटात पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या गाठी असतील तो बाजूला काढला जाई, कारण पावसात ती माती धुऊन जाते आणि दगड पोखरतो. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज देतो तो चिरा चांगला, ही परीक्षा आजही खोटी नाही.

हेच ज्ञान पुढे कागदावर आले. भारतीय मानक संस्थेने १९७९ साली जांभ्याच्या चिऱ्यांसाठी जे मानक ठरविले, त्यात चिऱ्याने आपल्या वजनाच्या १२ टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये आणि दर चौरस सेंटिमीटरला निदान सुमारे ३५ किलो भार सोसावा, अशी अपेक्षा आहे. आपला गवंडी हे कानाने आणि हाताने ओळखी, एवढाच फरक.

गिलावा हा दागिना नव्हे, छत्री होय

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जांभा भोकाभोकांचा असल्यामुळे पाणी पितो. तेव्हा आपल्या पूर्वजांनी त्याला पावसापासून वाचविण्याच्या तीन युक्त्या केल्या. पहिली, घराचे पाखे इतके खाली व पुढे आणावयाचे की पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. दुसरी, पश्चिमेच्या बाजूस पावसाळ्यात झापांच्या झडी बांधावयाच्या. आणि तिसरी, भिंतीवर चुन्याचा गिलावा करावयाचा.

हा चुना शिंपल्या भाजून करीत. तो भिजवून, घाणीत मळून, कित्येक दिवस मुरवून मग वापरीत. चुन्याचा गुण असा की, तो पावसाचा मार अंगावर घेतो, पण भिंतीच्या पोटात शिरलेली ओल बाहेर पडू देतो. म्हणजे भिंतीला श्वास घेता येतो. दर काही वर्षांनी गिलावा झिजे, आणि तो पुन्हा करीत. झिजावयाचे ते गिलाव्याने, दगडाने नव्हे, असा त्यातला हिशेब होता. आपल्या घरांना व देवळांना दिवाळीपूर्वी किंवा उत्सवापूर्वी चुना लावण्याची जी चाल आहे, तिच्या मुळाशी केवळ शोभा नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझस या चर्चचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ मध्ये ते पुरे झाले. सेंट झेवियरचे शव येथे असल्यामुळे देशोदेशींचे लोक येथे येतात. या चर्चच्या भिंती जांभ्याच्या असून दर्शनी भागातील कोरीव कामाला वसईकडून आणलेला काळा दगड आहे. साडेतीनशे वर्षे जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकात पोर्तुगीज अमलातच, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो गिलावा काढून टाकण्यात आला. तेव्हापासून तांबडा दगड उघडा पडला आणि तेच तिचे खरे रूप अशी लोकांची समजूत झाली. परंतु उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजू लागला, चिऱ्यांना खळगे पडू लागले. आता संवर्धनाचे जाणकार पुन्हा गिलावा करावा असे कळकळीने सांगत आहेत, आणि ज्यांना तांबड्या रूपाची सवय झाली आहे त्यांना ते रुचत नाही. आपल्या सभेतील दुसऱ्या मताचे जे होते, त्यांनी हे उदाहरण जरूर विचारात घ्यावे. आपण ज्याला जुने म्हणतो ते कधी कधी कालपरवाचेच असते.

दगडावर दगडाचे पांघरूण

भिंतीवर दुसऱ्या चांगल्या दगडाचे आवरण घालणे ही काही आजची टूम नाही. प्राचीन रोमन लोक विटा व चुनखडीच्या काँक्रीटच्या भिंतींना संगमरवरी लाद्या लावीत आणि त्या धातूच्या आकड्यांनी भिंतीला जखडीत. आग्र्याचा ताजमहाल अखंड संगमरवराचा आहे असे आपण समजतो. वस्तुतः त्याचा गाभा विटांचा असून संगमरवर हे वरचे आवरण आहे. आणखी जवळचे नाते सांगावयाचे तर कंबोडियातील अंकोरची देवळे पाहावी. बाराव्या शतकात उभारलेल्या त्या भव्य देवळांच्या जोत्यांच्या व चौथऱ्यांच्या पोटात आपल्यासारखाच जांभा आहे आणि बाहेरून कोरीव वालुकाश्म. भार उचलावयाचा जांभ्याने आणि नटावयाचे वालुकाश्माने, अशी ती वाटणी होती.

आपली चाकरमानी मंडळी मुंबईस रोज ज्या इमारतींवरून जातात, त्यांतही हा दर्शनी दगड आहे. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, तो कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. त्या काळी दर्शनी दगड चांगला जाड असे आणि मागच्या भिंतीत त्याचे दात गुंतविलेले असत. आवरण आणि भिंत एकमेकांना धरून असत.

बदल झाला तो लोखंड व सिमेंटच्या खांब-तुळयांच्या बांधकामाने. इमारतीचा भार खांबांवर गेला आणि भिंत केवळ आडोसा उरली. दगडाला भार उचलण्याचे काम राहिले नाही, तेव्हा तो पातळ होत गेला. हात-दीड हात जाडीचा दगड वीतभर झाला, वीतभराचा इंचभर झाला, आणि आता तो चिकटविण्याची वस्तू झाला. गंमत अशी की, आता खुद्द जांभ्याच्याही पातळ लाद्या यंत्रावर कापून सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतीवर लावतात. जो दगड कालपर्यंत घर उचलून धरीत होता, त्यालाच आज घराने उचलून धरावयाचे आहे.

पातळ दगडाचे धोके मोठमोठ्यांनाही चुकलेले नाहीत. अमेरिकेत शिकागो शहरी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी उभारलेल्या ८३ मजली ॲमोको इमारतीला सव्वा इंच जाडीच्या इटालियन संगमरवराच्या सुमारे ४३,००० लाद्या लावल्या होत्या. थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत त्या वाकल्या, तडकल्या. अखेर १९९० ते १९९२ या काळात त्या सगळ्या काढून ग्रॅनाइट लावावा लागला. इतके पैसे व इतके तज्ज्ञ असूनही हे झाले, मग आपली काय कथा!

घरचा अनुभव

येथे थोडे घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी गावी नवे घर बांधले. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीला जमिनीपासून पार वरच्या मजल्यापर्यंत दगडी लाद्या लावल्या. घर दिसावयास देखणे झाले, पाहुणे येऊन वाखाणून गेले. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, एका रात्री मोठा आवाज झाला. कंदील घेऊन बाहेर पाहिले तो वरच्या तीन ओळी ओटीवर येऊन पडलेल्या. उन्हाळ्यात नातवंडे ज्या ठिकाणी अंथरुणे टाकून निजतात, नेमकी तीच जागा. त्या रात्री तेथे कोणी नव्हते, ही देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी सूनबाई मला म्हणाल्या, "बाबा, आधी त्या उरलेल्या खाली उतरवा. शोभा नको मला."

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गवंडी येऊन पाहून गेले. पडलेली लादी त्यांनी उलटी करून दाखविली. पाठ आरशासारखी गुळगुळीत, तिला सिमेंट धरणार कसे? माल कालवताना वाळू पुळणीची वापरली होती, त्यामुळे भिंतीला लोणा फुटला होता आणि त्या लोण्यानेच माल आतून सोडविला होता. वरच्या कडेला पाणी अडविणारी पट्टी नव्हती, त्यामुळे पावसाचे पाणी लादीच्या पाठीमागे उतरत होते. आणि एवढ्या उंचीवर एकही आकडा नव्हता. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, दगडाचा दोष नाही. त्याला धरायला काही दिलेच नाही तुम्ही." चूक आमची होती. पाहिले ते रंगरूप, पाहावयास हवे होते ते सांधे.

नव्या घरासाठी चार गोष्टी

यावरून दगडी आवरण लावूच नये असे मी म्हणत नाही. दगड सुंदर असतो, रंग द्यावा लागत नाही, नीट लावला तर दोन-तीन पिढ्या टिकतो. पण आपल्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात तो लावावयाचा तर पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. या कामासाठी मानक संस्थेचे मार्गदर्शन १९६७ सालापासूनच आहे, ते कंत्राटदाराने वाचले आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

एक, लादीची पाठ खडबडीत असावी, नसल्यास टाचे मारून करावी. दोन, पुरुषभर उंचीच्या वर केवळ सिमेंटच्या किंवा चिकटद्रव्याच्या भरवशावर लादी ठेवू नये, धातूचे आकडे घालावेत. हे आकडे साध्या लोखंडाचे नसावेत. लोखंड गंजले की फुगते आणि दगड फोडते. न गंजणारे पोलाद वापरावे. तीन, वाळू नदीची, धुतलेली असावी. पुळणीची वाळू फुकट मिळते, पण ती पुढे महाग पडते. चार, वरच्या कडेचे पाणी दगडाच्या मागे जाऊ देऊ नये, आणि पुढे आलेल्या पाख्याला पर्याय नाही. ज्या भिंतीवर पागोळ्या पडत नाहीत, तिला आवरणाची गरजही थोडीच लागते.

आणि जुन्या जांभ्याच्या भिंतीविषयी एक विशेष सूचना. तिच्यावर सिमेंटचा गिलावा अथवा पाणीबंद रंग चढवू नये. आत शिरलेली ओल तेथेच कोंडते, दगड आतून मऊ होतो आणि वरून भिंत ठणठणीत दिसत राहते. जे घर शंभर वर्षे टिकले, ते अशाने वीस वर्षांत खचू शकते.

सडा आणि चिरेखाण

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी हाताने चिरा निघे, तेव्हा गावाच्या गरजेपुरताच निघे. आता यंत्राच्या पात्याने एका दिवसात जेवढे चिरे निघतात, तेवढे पूर्वी महिन्यात निघत नसत. सड्यावर जागोजाग चौकोनी खड्डे पडून आहेत. याच जांभ्याच्या सड्यांवर रत्नागिरी जिल्ह्यात ठिकठिकाणी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी प्राण्यांची, माणसांची चित्रे कोरून ठेविली आहेत. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ येथील ही कातळशिल्पे आज सर्वांना ठाऊक झाली आहेत, आणि २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. आपल्या आधीच्या माणसांनी जांभ्यावर लिहून ठेवलेली ती पहिली अक्षरेच म्हणावयाची. चिरा काढण्यापूर्वी जमिनीवरची माती व गवत दूर करून खाली काही कोरलेले नाही ना, एवढे पाहणे आपले कर्तव्य आहे. खाण बंद करताना खड्डा बुजविणे किंवा त्यात पाणी साठवून गावाच्या उपयोगी आणणे हेही.

आपल्या देवळापुरते

आता अखेर आपल्या सभेकडे परत येतो. पुष्कळ चर्चेनंतर जो निर्णय झाला, तो आता प्रत्यक्ष उभा आहे. गाभाऱ्याच्या व जुन्या मंडपाच्या जांभ्याच्या भिंतींवरचा मागे कधीतरी केलेला सिमेंटचा गिलावा काढला, तेव्हा आतले चिरे ओलसर निघाले. त्यांना एक पुरा उन्हाळा सुकू दिले, झिजलेले चिरे तेवढे बदलले आणि चुन्याचा गिलावा केला. नवा सभामंडप खांब-तुळयांचा आहे. त्याच्या खांबांना पुरुषभर उंचीपर्यंत गुलाबी दगडाच्या लाद्या बसविल्या, त्याही आकड्यांनी जखडून. प्रदक्षिणेच्या वाटेवर मात्र डोक्यावर कोठेही लादी नाही, कारण त्या वाटेने आपली आजीही जाते आणि नातवंडही जाते. अशा रीतीने गुलाबी दगड आणि चुन्याचा गिलावा या दोन्ही मतांचा मान राहिला. ज्यांना तांबडा दगड उघडा पाहावयाचा होता, त्यांच्यासाठी नव्या चौथऱ्याचे चिरे उघडे ठेविले आहेत. ते जाड आहेत आणि झिजले तर बदलता येतात.

देणगीदार बंधुभगिनींनी एक लक्षात घ्यावे. आपण दिलेल्या पैशातील बराचसा भाग गिलाव्याच्या पोटात, जोत्याच्या खाली, पाख्याच्या लाकडात गेला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर नावाची पाटीही लावता येत नाही. जुन्या पिढीने डोक्यावरून चिरे वाहून आणले, त्यांचीही नावे कोठे कोरलेली नाहीत. पण त्यांनी रचलेली भिंत अजून ओळंब्यात उभी आहे. दर काही वर्षांनी चुन्याचा हात फिरविण्याचे काम आता आपल्या मुलाबाळांकडे आहे. ते त्यांनी न चुकता करावे, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.